इंडिपेंडंट थिएटर आणि ‘घोस्ट्स’चा प्रयोग

लंडनमध्ये १८९१ साली स्थापन झालेल्या ‘इंडिपेंडंट थिएटर’ या छोट्या नाट्यसंस्थेने त्याच वर्षी १३ मार्च रोजी सोहो भागातील रॉयल्टी थिएटरमध्ये नॉर्वेजियन नाटककार हेन्‍रिक इब्सेन (१८२८–१९०६) याच्या घोस्ट्स या नाटकाचा इंग्रजी प्रयोग केला. सरकारी परवान्यावाचून, केवळ सभासद व निमंत्रितांसाठी झालेला हा प्रयोग इंग्रजी रंगभूमीच्या इतिहासात महत्त्वाचा मानला जातो.

हे नाटक डिसेंबर १८८१ मध्ये कोपनहेगन येथे पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाले. ‘पुन्हा परतून येणारे’ असा त्याच्या मूळ नावाचा अर्थ. दुराचारी पतीची अब्रू आयुष्यभर झाकून ठेवणारी मिसेस आल्व्हिंग आणि पित्याच्या रोगाचा वारसा घेऊन घरी परतलेला तिचा मुलगा ऑस्व्हाल यांची ही शोकांतिका आहे. त्या रोगाचे नाव नाटकात एकदाही उच्चारले जात नाही. तरीही स्कँडिनेव्हियातील प्रमुख नाट्यगृहांनी नाटक नाकारले आणि छापलेल्या दहा हजार प्रतींपैकी पुष्कळशा वर्षानुवर्षे पडून राहिल्या. पहिला प्रयोग झाला तो दूर शिकागोत, १८८२ साली, तेथे स्थायिक झालेल्या स्कँडिनेव्हियन लोकांपुढे. यूरोपात ऑगस्ट लिंडबर्गने १८८३ मध्ये स्वीडनमधील हेल्सिंगबॉर्ग येथे ते रंगमंचावर आणले. पुढे बर्लिनच्या ‘फ्राय ब्यूने’ने १८८९ मध्ये व पॅरिसमधील आंद्रे आंत्वानच्या ‘तेआत्र लीब्र’ने १८९० मध्ये त्याचे प्रयोग केले. या दोन्ही संस्था सभासदांच्या वर्गणीवर चालत. पाच पात्रे, एकच दिवाणखाना, बाहेर सतत पडणारा पाऊस व अखेरीस उगवणारा सूर्य एवढीच या नाटकाची सामग्री असल्याने तुटपुंज्या साधनांच्या मंडळींना ते पेलण्याजोगे होते. अभिनयाच्या दृष्टीने मात्र ते मुळीच सोपे नव्हे. पात्रे जे बोलत नाहीत तेच प्रेक्षकांना ऐकू यावे लागते.

इंग्लंडमध्ये अडचण कायद्याची होती. १८४३ च्या कायद्यान्वये राजदरबारातील लॉर्ड चेंबरलेन या अधिकाऱ्याच्या मंजुरीवाचून कोणत्याही नव्या नाटकाचा जाहीर प्रयोग करता येत नसे. गंमत अशी, की हेच नाटक इंग्रजीत छापून कोणालाही विकत घेता येत होते. आम्स्टरडॅम येथे जन्मलेला नाट्यसमीक्षक जे. टी. ग्राइन (१८६२–१९३५) याने आंत्वानचा कित्ता गिरवून यातून वाट काढली : तिकिटे विकावयाची नाहीत, प्रयोग खाजगी ठेवावयाचा. लंडनमधील नाट्यगृहांचे परवानेही त्याच अधिकाऱ्याच्या हाती असल्यामुळे अशा प्रयोगास जागा देणे धोक्याचे होते, ही गोष्ट सहसा विसरली जाते. विल्यम आर्चरचे भाषांतर वापरण्यात आले आणि मिसेस थीओडोर राइट हिने आल्व्हिंगबाईंची भूमिका केली.

दुसऱ्या दिवसापासून वृत्तपत्रांतून शिव्याशापांचा वर्षाव झाला. डेली टेलिग्राफने नाटकाला उघड्या गटाराची उपमा दिली. आर्चरने ही सर्व दूषणे वेचून त्यांची एक यादीच पॅल मॅल गॅझेटमध्ये छापली आणि बर्नार्ड शॉने आपल्या द क्विंटेसन्स ऑफ इब्सेनिझम (१८९१) या ग्रंथात तिचा उपयोग केला. ज्यांनी नाटक पाहिलेही नव्हते त्यांच्यापर्यंत इब्सेनचे नाव पोहोचविण्याचे श्रेय टीकाकारांनाच द्यावे लागेल.

संस्थेची सभासदसंख्या पावणेदोनशेच्या पुढे कधी गेली नाही. नवे इंग्रज नाटककार पुढे आणण्याचा ग्राइनचा हेतूही फारसा साधला नाही. मात्र विडोअर्स हाउसेस (१८९२) या पहिल्याच नाटकाने शॉ रंगभूमीवर आला तो याच संस्थेमुळे. १८९७ च्या सुमारास तिचे कार्य थांबले व १८९९ मध्ये ‘स्टेज सोसायटी’ने तोच मार्ग पुढे चालविला. घोस्ट्सला जाहीर प्रयोगाचा परवाना १९१४ मध्ये मिळाला. नाटकांवरील हे नियंत्रण मात्र १९६८ पर्यंत टिकले.

नॉर्वेजियन नाटक छोट्या हौशी संस्थेने रंगभूमीवर आणल्याचे मराठीतील ठळक उदाहरण म्हणजे मुंबईच्या ‘नाट्यमन्वंतर’ने १९३३ मध्ये सादर केलेले आंधळ्यांची शाळा. इब्सेनचा समकालीन ब्यर्न्सन याच्या नाटकावरून श्री. वि. वर्तक यांनी ते रचले होते. इब्सेनच्या अ डॉल्स हाउसचे रूपांतर अनंत काणेकर यांनी घरकुल या नावाने १९४१ मध्ये केले.