जांभळे ओठ

लग्न होऊन केरीला आले तेव्हा सासूबाई ग्रहणाच्या दिवशी गरोदर बाईला विळीला हातसुद्धा लावू देत नसत. मी मनातल्या मनात हसायचे. त्यामागचं दुःख पुष्कळ वर्षांनी कळलं. त्यांचा थोरला मुलगा चार वर्षांचा होऊन गेला. गोवा मुक्त होण्याच्या आधीची गोष्ट. रडला की त्याचे ओठ आणि नखं जांभळी पडत. चार पावलं धावला की तो उकिडवा बसे. पोटात असताना आईने ग्रहणात भाजी चिरली, असं घरच्यांनी ठरवलं. त्यांनीही ते जन्मभर खरं मानलं.

त्या मुलाला नेमकं काय होतं, हे आज कोण सांगणार? पण ही लक्षणं ज्यात दिसतात असा एक जन्मजात हृदयविकार आहे. फ्रान्समधल्या डॉ. फॅलो यांनी 1888 साली त्याचं नीट वर्णन केलं, म्हणून त्याला ‘टेट्रॅलॉजी ऑफ फॅलो’ म्हणतात. दहा हजार बाळांत तीन-चार जणांना तो असतो. हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला भोक, फुप्फुसाकडे जाणारी वाट अरुंद, शरीराला रक्त नेणारी महाधमनी त्या भोकावरच सरकलेली आणि उजव्या कप्प्याची भिंत जाड, असे हे चार दोष. अशुद्ध रक्त फुप्फुसात न जाता थेट अंगभर फिरतं, म्हणून मूल निळं दिसतं. उकिडवं बसलं की पायांकडच्या रक्तवाहिन्या दाबल्या जातात आणि थोडं जास्त रक्त फुप्फुसाकडे वळतं. हे त्या लेकराला कुणी शिकवत नाही.

या विकाराचा इतिहास वाचताना मला दोन बायका भेटल्या. कॅनडाच्या मॉड ॲबट यांना बाई म्हणून मॅकगिल विद्यापीठाने वैद्यकीला प्रवेश नाकारला होता. त्यांनीच पुढे हजार सदोष हृदयांचा अभ्यास करून 1936 साली मोठा ग्रंथ काढला. दुसऱ्या अमेरिकेतल्या हेलन टॉसिग. त्यांना ऐकू कमी यायचं, म्हणून त्या मुलांच्या छातीवर हात ठेवून ठोके ओळखत. त्यांच्या लक्षात आलं, की जन्मानंतर बंद होणारी एक छोटी वाहिनी ज्या बाळांत उघडी राहते, ती बाळं बरी असतात. ती बंद झाली की निळेपणा वाढतो. मग तशी वाट हातानेच का करू नये?

बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात डॉ. ब्लालॉक यांनी 29 नोव्हेंबर 1944 रोजी पंधरा महिन्यांच्या एका मुलीवर ती शस्त्रक्रिया केली. हाताकडे जाणारी धमनी फुप्फुसाच्या धमनीला जोडली. ती मुलगी काही महिन्यांनी गेली, पण त्यानंतर शेकडो मुलं वाचली. शस्त्रक्रियेची पद्धत बसवली ती व्हिव्हियन थॉमस या कृष्णवर्णीय सहायकाने. त्याला वर्षानुवर्षं श्रेय मिळालं नाही. त्यासाठी दोनशेच्या आसपास कुत्र्यांवर प्रयोग झाले, हे वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं. मुंगीलाही वाट देणाऱ्या घरात वाढलेली मी, हा हिशेब अजून मला सुटलेला नाही. वाचलेली लेकरं खोटी नाहीत, आणि ते मुके जीवही खोटे नाहीत.

1954 साली अमेरिकेतच डॉ. लिलेहाय यांनी हृदय उघडून हा विकार पूर्ण दुरुस्त केला. आपल्या मुंबईत केईएममध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी हृदयशस्त्रक्रिया रुजवली. 1968 साली त्यांनी तिथे हृदयरोपणही केलं. पण तोवर आमच्या घरातला पाळणा केव्हाच रिकामा झाला होता.

बाळाचं हृदय पहिल्या दोनेक महिन्यांतच घडतं. तेव्हा कित्येकींना दिवस गेल्याचंही कळलेलं नसतं. आईचा मधुमेह ताब्यात नसणं, गरोदरपणी रुबेला होणं, काही औषधं किंवा जनुकांतला दोष यामुळे धोका वाढतो. पण बहुतेक वेळा कारण सापडतच नाही. ग्रहणाचा आणि विळीचा यात काडीचा संबंध नाही.

सासूबाईंच्या शेवटच्या दिवसांत मी त्यांना कागदावर हृदय काढून दाखवलं. “म्हणजे विळीचं काही नव्हतं गो?” त्यांनी विचारलं. “नाही, आई.” त्या बराच वेळ कागदाकडे बघत राहिल्या. मग इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी त्या मुलाचं नाव घेतलं.

मैत्रिणींनो, दूध पिताना बाळ दमत असेल, ओठ निळे होत असतील, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. आणि त्याच्या आईला “तू काय केलंस?” असं विचारू नका.