ट्यूलिप : उष्ण हवामानातील लागवड (बदनापूर परिसर)

थंड व कोरड्या डोंगराळ प्रदेशातील एक कंदवर्गीय फुलझाड. ट्युलिपा ही त्याची प्रजाती, लिलिएसी हे कुल. मूळ स्थान मध्य आशियातील तिएनशान आणि पामीर-आलाय पर्वतरांगा. तेथून हे झाड इराण, तुर्कस्तान, भूमध्य समुद्राचा किनारा आणि पश्चिम हिमालयापर्यंत पसरले. हिवाळाभर बर्फाखाली गारठलेली जमीन, वसंतात थोडी ओल आणि त्यानंतर कडक, कोरडा उन्हाळा या क्रमावर त्याचे सारे वर्ष बेतलेले असते. जालना जिल्ह्यातील बदनापूरसारख्या ठिकाणी ट्यूलिप का टिकत नाही आणि तरीही एका हंगामापुरते कसे फुलवता येते, हा या नोंदीचा विषय आहे.

आपल्याकडच्या उन्हाळ्यात ट्यूलिप जळून जाते, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धवट आहे. उन्हाळ्यात कंद जमिनीत निजलेला असतो आणि कोरडी उष्णता त्याला चांगली सोसते. उझबेकिस्तानातल्या डोंगरउतारांवरचा उन्हाळाही काही सौम्य नसतो. बदनापूरला खरी अडचण दोन गोष्टींची आहे. एक म्हणजे लांबलचक थंडी नाही. दुसरी म्हणजे कंदाच्या विश्रांतीचा काळ आणि मॉन्सून एकाच वेळी येतात. ज्या जून ते सप्टेंबरात कंदाला कोरडे राहायचे असते, नेमक्या त्याच महिन्यांत येथे वर्षाचा जवळजवळ सगळा पाऊस पडतो आणि काळी जमीन पाणी धरून ठेवते. अशा जमिनीत राहिलेला कंद पोळ्यापर्यंत कुजून गेलेला असतो.

कंदातील घडामोडी : ट्यूलिपचा कंद कांद्यासारखाच मांसल पाकळ्यांचा बनलेला असतो, बाहेरून तपकिरी, कागदी साल. युरोपात जून-जुलैत कंद काढले जातात तेव्हा आत फूल नसते. ते नंतर, साठवणीत, साधारण १७ ते २० अंश सेल्सिअस तापमानात घडते. शरद ऋतूत असा एखादा मोठा कंद धारदार चाकूने उभा चिरला, तर मधोमध फिकट पिवळसर कोंब दिसतो आणि त्याच्या टोकाशी, भिंगाखाली पाहिल्यास, सहा पाकळ्या, सहा पुंकेसर आणि तीन कडांचा स्त्रीकेसर असे संपूर्ण फूल दिसते. म्हणजे बाजारातून आणलेल्या चांगल्या कंदात फूल आधीच तयार असते. माळ्याला ते घडवायचे नसते, फक्त बाहेर आणायचे असते.

बाहेर येण्यासाठी मात्र थंडी लागते. २ ते ९ अंशांच्या दरम्यान सलग १२ ते १६ आठवडे गेले की कंदातील स्टार्चचे साखरेत रूपांतर होते आणि फुलदांडा लांबवणारी संप्रेरके कामाला लागतात. थंडी अपुरी पडली तर पाने येतात, पण दांडा वाढत नाही. फूल पानांच्या बेचक्यातच अडकून उमलते किंवा कळी कागदासारखी वाळते. तापमान आणि कंद यांचे हे नाते नेदरलँड्समधील वागेनिंगेन येथे ए. एच. ब्लाउ या वनस्पतिशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बारकाईने अभ्यासले. ऐन हिवाळ्यात काचगृहांतून ट्यूलिप काढणारा आजचा डच उद्योग त्या अभ्यासावर उभा आहे, आणि उष्ण प्रदेशातील प्रत्येक प्रयत्नाचा आधारही तोच आहे.

बदनापूरचे हवामान : जालन्याच्या पश्चिमेस सुमारे २० किमी. अंतरावर, दुधना नदीच्या खोऱ्यात, जालना ते छत्रपती संभाजीनगर या लोहमार्गावर बदनापूर हे तालुक्याचे ठिकाण आहे. शेतीच्या जगात ते ओळखले जाते कडधान्यांमुळे. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या येथील संशोधन केंद्रातून बीडीएन-७११ सारखे तुरीचे वाण निघाले आणि बीडीएन ही अक्षरे गावाच्या नावावरूनच आली आहेत. कापूस, सोयाबीन, तूर आणि मोसंबी ही परिसरातील मुख्य पिके.

येथे डिसेंबर-जानेवारीत पहाटेचे तापमान साधारण १० ते १२ अंशांवर येते. उत्तरेकडून थंडीची लाट आली की काही दिवस त्याच्याही खाली जाते. पण दुपारी पारा पुन्हा २८-३० अंशांवर चढतो. ट्यूलिपला रात्रीची थंडी पुरत नाही, त्याला अहोरात्र थंडी हवी. दुपारच्या उन्हात रात्रीची कमाई बरीचशी वाया जाते.

या भागातल्या शेतकऱ्याला थंडी आणि फूल यांचा संबंध नवा नाही. जालना आणि शेजारच्या बुलडाणा जिल्ह्यात कांद्याचे बीजोत्पादन मोठ्या प्रमाणावर होते. ऑक्टोबर-नोव्हेंबरात लावलेले मातृकांदे हिवाळ्याचा गारवा घेऊन डोंगळे काढतात. ज्या वर्षी थंडी कमी, त्या वर्षी डोंगळे कमी. कांद्याची भूक १० ते १५ अंशांच्या थंडीने भागते, म्हणून त्याला बदनापूरचा हिवाळा पुरतो. ट्यूलिपची भूक त्याहून मोठी आहे.

मोसंबीचा दाखला आणखी बोलका आहे. लिंबूवर्गीय झाडे थंड प्रदेशात हिवाळ्याच्या गारठ्याने विसावतात आणि वसंतात फुलतात. मराठवाड्यात तेवढा गारठा नसल्याने बागायतदार पाणी तोडून झाडाला ताण देतात. पाने मलूल होऊन गळू लागली की पाणी सोडतात आणि आंबे बहार फुटतो. थंडीची जागा तेथे तहान भरून काढते. ट्यूलिपच्या बाबतीत हा उपाय चालत नाही. कंदाला कितीही कोरडे ठेवले तरी थंडीवाचून दांडा लांबत नाही. थंडीला येथे पर्याय नाही. ती यंत्रातून विकत घ्यावी लागते.

कंदांना थंडी देणे : परदेशातून येणारे कंद वनस्पती विलगीकरणाच्या २००३ सालच्या आदेशानुसार आयात परवाना आणि वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र घेऊनच देशात येऊ शकतात, त्यामुळे हौशी माणसाने ते देशातील खात्रीच्या विक्रेत्याकडूनच घ्यावेत. घेर १२ सेंमी. किंवा अधिक, हाताला टणक, बुरशीचा डाग नाही, असा कंद निवडावा. लहान कंदातून एखादेच रुंद पान येते आणि फूल येतच नाही. विक्रेत्याने कंदांना आधी थंडी दिली आहे का आणि किती आठवडे, हे विचारून ते कागदावर लिहून घ्यावे. उरलेले आठवडे घरी भरून काढायचे असतात.

घरातील फ्रिजचा भाजीचा कप्पा यासाठी पुरतो. तापमान ४ ते ५ अंश ठेवावे. बर्फाच्या कप्प्यात कंद मरतो. कंद जाळीच्या किंवा कागदी पिशवीत ठेवावेत, प्लॅस्टिकमध्ये घाम सुटून बुरशी लागते. त्याच फ्रिजमध्ये सफरचंद, केळी, चिकू, पपई, आंबा यांपैकी काहीही असू नये. पिकणारी फळे एथिलीन वायू सोडतात आणि त्याने कंदाच्या पोटातील कळी जागच्या जागी मरते. बाहेरून काहीच कळत नाही. महिन्या-दोन महिन्यांनी पाने येतात आणि फूल येत नाही, तेव्हा उलगडा होतो. फ्यूजेरियम बुरशीने सडलेला एक कंदही तोच वायू सोडतो, म्हणून आठवड्यातून एकदा पिशवी उघडून मऊ पडलेले कंद काढून टाकावेत. वीज काही तास गेल्याने बिघडत नाही, मात्र त्या वेळी फ्रिजचे दार उघडू नये. पिशवीवर ठळक अक्षरांत नाव लिहिणे अत्यंत आवश्यक आहे. हे कंद कांद्यासारखे दिसतात आणि विषारी असतात.

बदनापूरसाठी वेळेचा हिशेब असा बसतो : सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात कंद फ्रिजमध्ये, डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात कुंडीत आणि फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात फूल. कंद ऑक्टोबरात मिळाले तर लागण जानेवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत लांबवता येते. त्यापुढे जाऊ नये. फेब्रुवारीच्या अखेरीस येथील दुपार ३३-३४ अंशांची होते आणि कळी उमलण्याआधीच करपते.

लागवड : काळ्या जमिनीत ट्यूलिप लावू नये. तिचा निचरा मंद असतो, ती विम्लधर्मी असते आणि वाळताना भेगाळून मुळे तोडते. १२-१५ सेंमी. खोलीची मातीची कुंडी, आणि तीत कोकोपीट, भरड वाळू व चाळलेले जुने शेणखत यांचे भुसभुशीत मिश्रण हेच योग्य. कंद फ्रिजमधून काढला की त्याच दिवशी लावावा. टोक वर आणि चपटी बाजू कुंडीच्या कडेकडे ठेवली की पहिले मोठे पान बाहेरच्या बाजूस पडते व कुंडी भरलेली दिसते. कंद जवळजवळ लावले तरी चालतात, मात्र एकमेकांना चिकटू देऊ नयेत.

पहिले दोन-तीन आठवडे निर्णायक असतात. या काळात फक्त मुळे वाढतात आणि त्यांना १५ अंशांच्या आतबाहेरची गार माती लागते. एवढ्या दिवसांत कुंडी उन्हात तापली, तर फ्रिजमध्ये मिळवलेली थंडी बरीच वाया जाते. मराठवाड्याची जानेवारीतली कोरडी हवा येथे उपयोगी पडते. मातीच्या कुंडीभोवती ओले गोणपाट गुंडाळून ती उत्तरेकडील भिंतीच्या सावलीत ठेवली, तर बाष्पीभवनाने आतली माती बाहेरच्या हवेपेक्षा बरीच गार राहते. रात्री कुंड्या गच्चीवर उघड्या आकाशाखाली ठेवाव्यात आणि ऊन चढण्याआधी खाली आणाव्यात. कोंब चार बोटे वर आल्यावर सकाळचे कोवळे ऊन द्यावे, दहानंतर पुन्हा सावली किंवा शेडनेट. पाणी सकाळी, बेताचे. मावा दिसल्यास साध्या पाण्याच्या फवाऱ्याने धुऊन काढावा.

लागणीपासून साधारण पाच-सहा आठवड्यांत कळी रंग धरते. फूल उष्णतेने उघडते आणि गारव्याने मिटते. बदनापूरच्या पहाटे घट्ट मिटलेला पेला दुपारी ताटलीसारखा पसरलेला दिसतो. श्रीनगरला एक फूल दोन आठवडे टिकू शकते, येथे तीन ते पाच दिवस. कुंडी सायंकाळी घरातल्या सर्वांत गार खोलीत आणली तर आणखी एखादा दिवस मिळतो. जाती निवडताना ट्रायम्फ गटातील किंवा डार्विन संकर गटातील जोमदार दांड्याच्या जाती घ्याव्यात. लाल-पांढरी ट्युलिपा क्लुसिआना ही अफगाणिस्तान ते पश्चिम हिमालय भागातील रानजात कमी थंडीत फुलते आणि उष्ण प्रदेशासाठी सर्वांत आश्वासक आहे, पण तिचे कंद सहज मिळत नाहीत.

फुलानंतर : ट्यूलिपचा मूळ कंद कोठेही, अगदी नेदरलँड्समध्येही, एकदा फुलून संपतोच. त्याच्या जागी आत वाढलेली पिल्ले पुढील वर्षाचे कंद होतात. त्यांना पोसण्यासाठी फुलानंतर हिरवी पाने दोन-तीन महिने गार हवेत जगावी लागतात. बदनापूरला मार्चच्या मध्यावर पाने पिवळी पडतात आणि पिल्ले लसणाच्या पाकळीएवढी राहतात. ती फुलत नाहीत. म्हणून उष्ण हवामानात ट्यूलिप हे दरवर्षी नव्याने विकत घ्यायचे झाड आहे.

इतिहास व भारतातील उदाहरणे : काबूलच्या टेकड्यांवरील या फुलांचे ३२-३३ प्रकार बाबराने आपल्या आत्मचरित्रात नोंदवले आहेत. जहांगीराचा चित्रकार उस्ताद मन्सूर याने काढलेले काश्मिरी लाल ट्यूलिपचे चित्र प्रसिद्ध आहे. कारोलुस क्लुसिउस या वनस्पतिशास्त्रज्ञाने १५९३ मध्ये लायडन येथे कंद लावले आणि फेब्रुवारी १६३७ मध्ये हॉलंडमधील कंदांचा सट्टा कोसळला, ही कथा सर्वश्रुत आहे. मराठी प्रेक्षकांच्या मनात हे फूल ठसले ते बहुधा १९८१च्या ‘सिलसिला’ चित्रपटात नेदरलँड्समधील कॉयकेनहोफ बागेत चित्रित झालेल्या गाण्यामुळे. श्रीनगरची झबरवान डोंगराच्या पायथ्याची ट्यूलिप बाग २००७ मध्ये खुली झाली. सुमारे ३० हेक्टरांच्या या बागेत मार्चअखेर ते एप्रिल या काळात पंधरा लाखांवर फुले येतात. हिमाचल प्रदेशातील पालमपूर येथील हिमालय जैवसंपदा तंत्रज्ञान संस्थेने लाहौलच्या थंड खोऱ्यात देशी कंदनिर्मितीचे काम हाती घेतले आहे.

बदनापूरला अधिक शिकण्यासारखे उदाहरण नवी दिल्लीचे आहे. तेथील नगरपालिका परिषद शांतिपथावर आणि चौकाचौकांत आधी थंडी दिलेले कंद ऐन हिवाळ्यात लावते व फेब्रुवारीत फुले घेते. दिल्लीची जानेवारी बदनापूरपेक्षा बरीच गार असूनही तेथे दरवर्षी नवे कंद लागतात. शहराच्या शोभेसाठी तो खर्च केला जातो. शेतकऱ्याच्या जमाखर्चात तो बसत नाही.

व्यापारी शक्यता : शीतकक्ष आणि तापमान-नियंत्रित हरितगृह उभारून बदनापूरला ट्यूलिपची कापणीची फुले काढणे तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे. पण कंद आयातीचा, वीज विकतची, हंगाम पाच-सहा आठवड्यांचा आणि कंद एकदाच वापरायचा. एवढे सगळे पाहता हे पीक घेण्याची शिफारस करता येत नाही. कंदवर्गीय फुलशेती करायचीच असेल तर येथील हवामानाचा कंद निशिगंध आहे. तो मूळचा मेक्सिकोचा असून २० ते ३० अंशांत आनंदाने वाढतो, एप्रिल-मेमध्ये लावला की पावसाळ्यापासून फुले देतो आणि एकदाची लागण तीन वर्षे चालते. बंगळुरूच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेचे ‘प्रज्वल’ व ‘शृंगार’ हे एकेरी वाण हारासाठी चांगले आहेत. निचऱ्याची, मध्यम जमीन आणि हिवाळी पाणी असेल तर ग्लॅडिओलसही येतो. त्याच्या कंदांना सुप्तावस्था मोडण्यासाठी तीन महिने शीतगृहात ठेवावे लागते, पण ते पुढच्या वर्षी पुन्हा फुलतात.

ट्यूलिप बदनापूरला कुंडीतच लावावे, हौसेसाठी लावावे, आणि मुलांना कंद चिरून आतले फूल दाखवण्यासाठी तर जरूर लावावे. हाताळताना हातमोजे घालावेत, कारण कंदातील ट्युलिपॅलिन या द्रव्याने बोटांना खाज व पुरळ येते. फूल संपल्यावर उरलेले कंद खताच्या खड्ड्यात खोल पुरावेत; उकिरड्यावर किंवा गोठ्याजवळ टाकू नयेत, जनावरांना ते बाधतात.