एकाच माणसाची चार नावे

आमच्या गावाचे नाव कन्नड. परगावी गेलो की हमखास कोणी तरी विचारतो, "मग घरी तुम्ही कानडी बोलता की काय?" आपण हसतो आणि सोडून देतो. पण ग्रंथालयातल्या कपाटाला हसता येत नाही. पितळखोऱ्याची लेणी आमच्या तालुक्यात आहेत. त्यांच्यावरचे पुस्तक कोणी नुसत्या 'कन्नड' या शब्दाखाली नोंदले, तर ते कानडी व्याकरणाच्या शेजारी जाऊन बसायचे. पुस्तक हरवलेले नसते, आणि सापडतही नाही. नाव कसे लिहावे हा प्रश्न वाटतो तेवढा किरकोळ नाही, तो असा.

या प्रश्नाची मोठी कथा आपल्याच कोकणात घडली आहे. रायगड जिल्ह्यात, अलिबागजवळ नवगाव म्हणून गाव आहे. तिथल्या किनाऱ्यावर फार पूर्वी एक गलबत फुटले आणि त्यातून सात जोडपी वाचली, अशी बेने इस्रायल समाजाची परंपरागत हकिगत आहे. हे लोक यहुदी धर्माचे. कोकणात त्यांनी तेलाचे घाणे चालवले. शनिवारी ते घाणा बंद ठेवीत, म्हणून आसपासचे लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणू लागले. त्यांनी मराठी ही आपली भाषा केली आणि गावावरून आडनावे घेतली : दिवेकर, पेणकर, रोहेकर, केहिमकर, तळकर. देवाधर्माची नावे मात्र हिब्रूच राहिली. पण ती मराठी तोंडात बसली आणि त्यांना आपल्याकडचा 'जी' लागला. शमुवेलचा समाजी झाला, इसहाकचा इसाजी झाला, मोशेचा मुसाजी झाला.

आता एकच नाव घेऊन पाहू. जुन्या करारात एक संदेष्टा आहे. मराठी बायबल त्याला 'यहेज्केल' म्हणते. हिब्रू उच्चाराला हे रूप बरेच जवळचे. बगदादकडचे यहुदी तेच नाव 'हसकेल' असे उच्चारीत. कोकणात त्याचे 'हसाजी' झाले. इंग्रजी शाळा आल्या आणि तोच माणूस 'इझिकेल' म्हणून सही करू लागला. नाव एकच, पण रोमन लिपीत मांडायला बसलो तर पहिले रूप वाय या अक्षराखाली जाते, दुसरे आणि तिसरे एच खाली, चौथे ई खाली. चार रूपांना तीन खण लागले!

मुंबईत १७९६ साली बेने इस्रायलांचे पहिले सभास्थान उभारणारे गृहस्थ घ्या. कुठे त्यांचे नाव समाजी हसाजी दिवेकर असे आढळते, कुठे सॅम्युअल इझिकेल दिवेकर असे. ज्याला ठाऊक नाही तो विद्यार्थी समजेल की ही दोन माणसे, कदाचित भाऊ भाऊ असतील. 'दिवेकर' हे गावचे आडनाव मध्ये उभे आहे म्हणूनच ओळख पटण्याची आशा.

असे का होते? हिब्रू लिपीत बावीस अक्षरे आहेत आणि ती सगळी व्यंजने. स्वर नेहमीच्या लिखाणात बहुधा लिहीत नाहीत. वाचणाऱ्याने ते ओळखून घ्यायचे. आपल्यातल्या ज्यांनी मोडी कागद वाचले असतील त्यांना हे लगेच उमजेल. मोडीत ऱ्हस्वदीर्घाचा भेद पाळत नाहीत. वाचणारा संदर्भाने समजून घेतो. हिब्रूत त्याहून पुढची अडचण ही, की एकच अक्षर कुठे 'ब' तर कुठे 'व', कुठे 'प' तर कुठे 'फ' असे वाचले जाते. शिवाय येमेनचा यहुदी एक उच्चार करतो, पोलंडचा दुसरा, कोकणातला तिसरा. मग रोमन अक्षरांत लिहिणारा जो तो आपल्या कानाने लिहितो.

'हाईम' हे नाव पाहा. अर्थ आहे जीवन. इस्रायलचे पहिले राष्ट्राध्यक्ष वाइझमन यांच्या नावात ते इंग्रजीत सी-एच पासून सुरू होते. कवी बियालिक यांच्या नावात एच पासून, आणि मध्ये दोन वाय. आपल्या हाईम सॅम्युअल केहिमकरांनी ते एच घालूनच, पण दोन ई लिहून सजवले. हे केहिमकर म्हणजे ज्यांच्या खटपटीने १८७५ साली मुंबईत इस्रायली मुलांसाठी शाळा निघाली ते. आपल्या समाजाचा इतिहास त्यांनी इंग्रजीत १८९७ साली लिहून ठेवला. तो छापून निघाला १९३७ साली, तोही तेल अवीवला. लेखक तोवर हयात नव्हते.

हे पुस्तक मी एका ग्रंथालयात शोधत होतो. 'केहिमकर' पाहिले, नाही. 'हाईम' पाहिले, नाही. "आमच्याकडे नाही" असे उत्तर मिळाले आणि मी परत आलो. पुढे काही वर्षांनी दुसरेच काही शोधताना तेच पुस्तक त्याच ग्रंथालयात 'सॅम्युअल' या नावाखाली निघाले. सॅम्युअल हे त्यांच्या वडिलांचे नाव! नोंद करणाऱ्याने मधले नाव आडनाव समजून टाकले होते. त्याचा दोष तरी किती म्हणावा? त्याच्यापुढे नियम कोणी ठेवलाच नव्हता.

नियम मात्र जुने आहेत. अमेरिकेतील चार्ल्स कटर या ग्रंथपालाने १८७६ साली तालिकेचे नियम छापले. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : लेखक ठाऊक असलेल्याला पुस्तक सापडले पाहिजे, आणि त्या लेखकाचे आपल्याकडे काय काय आहे हेही एका जागी दिसले पाहिजे. आपल्या देशात डॉ. रंगनाथन यांनी १९३४ साली तालिकेची स्वतंत्र संहिता दिली. हिब्रूसाठी अमेरिकेतील काँग्रेस ग्रंथालयाने आणि तिथल्या ग्रंथालय संघाने अक्षराला अक्षर ठरवून दिले आहे. स्वर कोणते घ्यावेत यासाठी एक ठरावीक कोशही नेमला आहे. पण तिथेही एक सवलत आहे. माणूस एखाद्या रूपाने जगात प्रसिद्ध असेल तर तेच रूप घ्यावे. वाइझमन यांचे नाव म्हणूनच सी-एच घालूनच राहिले.

तेव्हा सुसंगती म्हणजे सगळ्यांना एकाच साच्यात दाबणे नव्हे. एक रूप मुख्य ठरवायचे आणि बाकीच्या प्रत्येक रूपाखाली एक चिठ्ठी ठेवायची : 'हसाजी — इझिकेल पाहा.' सारनाव असेल तर वडिलांचे नाव, गाव, जन्मसाल जोडायचे. एवढ्याने चारही वाटा एकाच दाराशी येतात, आणि कोणाचे खरे रूप पुसलेही जात नाही.

आपल्याला हे अगदी जवळचे आहे. आपल्या विद्यापीठाची स्थापना १९५८ साली 'मराठवाडा विद्यापीठ' या नावाने झाली. १९९४ साली त्याचा नामविस्तार होऊन डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव जोडले गेले. औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर २०२३ साली झाले. जुने प्रबंध, जुनी गॅझेटियरे जुन्याच नावाने आहेत. 'पाहा' ही चिठ्ठी नसेल तर पुढच्या पिढीला अर्धा इतिहास दिसणार नाही.

बेने इस्रायलांच्या बाबतीत हे दुःख अधिक खोल आहे. १९४८ नंतर त्यांतले बहुसंख्य इस्रायलला गेले. मागे राहिली ती पुस्तके. १८७४ साली पुण्यात हिब्रू आणि मराठी अशा दोन्ही भाषांत वल्हांडणाची पोथी चित्रांसह छापली गेली. ती प्रसिद्ध करणारे मोझेस जेकब तळकर आणि आरोन डॅनियल तळकर. आता 'तळकर' हे नाव हिब्रूत लिहा. 'ळ' तिथे नाहीच, तो 'ल' होतो. स्वर गळतात. ते रोमनमध्ये आणा, मग पुन्हा मराठीत आणा : तलकर, तालकर, टालकर! नातवाला पणजोबाचे पुस्तक शोधायचे झाले तर कोणत्या अक्षराखाली शोधावे? घर सुटले, भाषा हळूहळू सुटली. निदान नावाने तरी वाट दाखवावी.

गुरुजनहो, ग्रंथपाल दूर राहतो, पण नावाची पहिली नोंद तुमच्या हातून होते. शाळेच्या जनरल रजिस्टरात मुलाचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव, गाव आणि जन्मतारीख तुम्ही लिहिता. ते घरचे लोक जसे लिहितात तसे लिहा. घरी दुसरे रूप चालत असेल तर विचारून घ्या. इंग्रजीत एकदा जे रूप ठरवाल तेच शाळा सोडल्याच्या दाखल्यावर आणि परीक्षेच्या अर्जावर राहू द्या. गावच्या वाचनालयात बसत असाल तर एका वहीत अशा दुहेरी नावांची यादी सुरू करा. एका वहीचा तो खर्च. पण हसाजी आणि इझिकेल एकच होते हे सांगणारा माणूस उद्या गावात नसला, तर ती वही सांगेल.