गाव सुटले, गाणेही सुटले

मागे कामानिमित्त बडोद्याला गेलो होतो. सूरसागर तलावाकाठची संगीताची शाळा मुद्दाम पाहून आलो. आज ती महाराजा सयाजीराव विद्यापीठात आहे, पण तिचे मूळ १८८६ सालचे. सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने मौलाबक्ष यांनी ती काढली. उस्ताद मंडळी चिजा लपवून ठेवीत, त्या काळात हा माणूस स्वरलिपीत लिहून गाणे शिकवत होता.

त्यांचे नातू इनायत खाँ. जन्म बडोद्यातच, ५ जुलै १८८२ चा. घरी परतल्यावर त्यांचे आत्मकथन वाचून काढले.

गायक आणि वीणावादक म्हणून त्यांचे नाव झाले होते. हैदराबादच्या निजामाने त्यांचा गौरव केला. १९०९ साली ग्रामोफोन कंपनीने त्यांचे गाणे ध्वनिमुद्रित केले. १३ सप्टेंबर १९१० रोजी भाऊ महबूब खाँ आणि नात्यातले अली खाँ यांना घेऊन ते अमेरिकेला निघाले. तिथे रूथ सेंट डेनिस या नर्तिकेच्या कार्यक्रमांत या मंडळींना साथ करावी लागली. लोकांना हवी होती पूर्वेकडची गंमत. रागाशी त्यांना देणेघेणे नव्हते. हे सांगताना खाँसाहेबांच्या शब्दांत खंत जाणवते.

पुढे पाश्चात्त्य देशांत सूफी विचार सांगणारे गुरू म्हणून त्यांना मान मिळाला. वीणा मात्र हळूहळू मागे पडली. १९२७ साली दिल्लीत ते वारले, तेव्हा वय अवघे ४४.

भक्त याला त्याग म्हणतात. खाँसाहेबही कुणाला दोष देत नाहीत. त्यांच्या श्रद्धेविषयी मला आदरच आहे. तरी पुस्तक मिटताना माझे मन खट्टू झाले. आपल्या केरीच्या केसरबाई, कुर्डीच्या मोगूबाई मुंबईला गेल्या. त्यांचे गाव सुटले, पण गाणे सुटले नाही, कारण समोर बसणाऱ्यांत गाणे कळणारे कान होते. खाँसाहेबांना परदेशात शिष्य पुष्कळ मिळाले, असे श्रोते फार थोडे.

वाचकहो, मैफलीला जाऊन नुसते बसणे हेसुद्धा केवढे मोठे काम आहे, हे मला त्या पुस्तकाने शिकवले. १९०९ ची ती ध्वनिमुद्रणे आज ऐकायला मिळतात. जरूर ऐका. आपण ऐकू तेवढे तरी ते गाणे उरेल.