विद्युत मोटारीची बॅटरी : बदलण्याचा खर्च

विद्युत मोटार चालवणारा मुख्य लिथियम बॅटरी संच क्षीण किंवा निकामी झाल्यावर तो बदलण्यासाठी येणारा एकूण खर्च. बॉनेटखालची १२ व्होल्टची छोटी बॅटरी यात धरत नाहीत. ती काही हजार रुपयांत मिळते. मुख्य संच गाडीच्या तळाशी असतो. मध्यम आकाराच्या मोटारीत त्याचे वजन अडीचशे किलोच्या वर जाते आणि गाडीतला सर्वांत महाग भाग तोच असतो.

संचाची किंमत किलोवॉट-तासावर मोजतात. जगभरातली सरासरी किंमत २०१० च्या सुमारास किलोवॉट-तासाला १,००० डॉलरच्या वर होती. ब्लूमबर्ग एनईएफ या संशोधन संस्थेच्या पाहणीनुसार २०२४ मध्ये ती ११५ डॉलरवर आली. जानेवारी २०२० मध्ये बाजारात आलेल्या टाटा नेक्सॉन ईव्हीचा पहिला संच ३०.२ किलोवॉट-तासांचा होता. ११५ डॉलरच्या सरासरीने हिशेब केला तर त्या संचाची २०२४ मधली रक्कम २ लाख ९० हजार रुपयांच्या घरात जाते. पण हा झाला कंपन्यांना मिळणारा घाऊक भाव. सुट्या भागावर विक्रेत्याचा नफा, धोकादायक माल म्हणून करावी लागणारी वाहतूक, हायव्होल्टेजचे प्रशिक्षण घेतलेल्या कारागिराची मजुरी आणि कर चढत जातो. विद्युत मोटारीवर ऑगस्ट २०१९ पासून ५ टक्के जीएसटी आहे. तीच बॅटरी सुटी घेतली तर १८ टक्के. वरच्या घाऊक रकमेवरच हा कर ५२ हजारांहून अधिक होतो. नवी गाडी घेणाऱ्याला सवलत आणि जुनी गाडी टिकवणाऱ्यावर जादा बोजा ही रचना उलटी आहे. ती बदलायला हवी.

प्रत्यक्षात हा खर्च आजवर थोड्याच मालकांनी स्वतःच्या खिशातून केला, कारण बहुतेक गाड्या अजून वॉरंटीत आहेत. ८ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर, जे आधी होईल ते, ही रूढ मुदत. त्या हिशेबाने नेक्सॉनच्या पहिल्या गाड्या २०२८ च्या सुरुवातीपासून वॉरंटीबाहेर पडतील आणि जुन्या गाड्यांच्या बाजारात खरा प्रश्न तेव्हा उभा राहील. चाकणला तयार होणाऱ्या महिंद्राच्या बीई ६ आणि एक्सईव्ही ९ई या गाड्यांच्या संचाला कंपनीने पहिल्या खासगी मालकासाठी आजीवन वॉरंटी दिली, पण गाडी विकली की ती १० वर्षे किंवा २ लाख किलोमीटरवर येते. एमजी विंडसरने सप्टेंबर २०२४ मध्ये वेगळा मार्ग धरला : गाडी ९.९९ लाखांना आणि बॅटरीचे भाडे किलोमीटरला साडेतीन रुपये. वर्षाला १५ हजार किलोमीटर धावणाऱ्याचे आठ वर्षांचे भाडे ४ लाख २० हजार होते. म्हणजे बॅटरीचा खर्च टळत नाही, फक्त हप्त्याने भरला जातो.

संच किती टिकेल हे हवा आणि रस्त्यांवरही ठरते. अहिल्यानगर जिल्ह्यात या दोन्ही गोष्टी संचाच्या मुळावर येतात. एक, उन्हाळा. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि भर उन्हात पूर्ण चार्ज करून उभ्या ठेवलेल्या गाडीचे सेल झपाट्याने क्षीण होतात. द्रवाने थंड होणारा संच आणि लिथियम-आयर्न-फॉस्फेटचे सेल अशा हवेत अधिक टिकतात. दुसरी, रस्ते. ऊसवाहतुकीने खचलेल्या वाटांवर आणि गावोगावच्या उंच गतिरोधकांवर तळाला मार बसतो. आयपी-६७ दर्जाचा संच १ मीटर पाण्यात अर्धा तास तग धरतो, पण कवचाला पोचा पडला की ती हमी राहत नाही. असे नुकसान वॉरंटीत येत नाही, विम्यात येते. आणि पारंपरिक मोटार विमा दरपत्रकात बॅटरीवर ५० टक्के घसारा कापतात. शून्य घसाऱ्याचे किंवा बॅटरीचे स्वतंत्र संरक्षण न घेणाऱ्या मालकावर अर्धी किंमत येऊन पडू शकते. संगमनेर किंवा जामखेडच्या मालकाने गाडी घेतानाच विमा पॉलिसी वाचून घ्यावी.

वाहनांच्या चाचणी आणि निर्मितीशी अहिल्यानगरचे नाते जुने आहे. संरक्षण खात्याची वाहन संशोधन व विकास आस्थापना (व्हीआरडीई) येथेच आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२६ प्रमाणे वाहनांची चाचणी घेणाऱ्या संस्थांत तिचा समावेश होतो. २०२२ मध्ये विद्युत स्कूटरना लागोपाठ आगी लागल्यावर केंद्राने बॅटरीची मानके कडक केली : मोटारींसाठी एआयएस-०३८, दुचाकी-तिचाकींसाठी एआयएस-१५६, १ डिसेंबर २०२२ आणि ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत. ज्या अहिल्यानगरमध्ये कायनेटिक कंपनीची लुना मोपेड तयार झाली, तिथेच कायनेटिकची विद्युत वाहनेही बनतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेल्या ई-लुनाची बॅटरी २ किलोवॉट-तासांची, म्हणजे नेक्सॉनच्या पहिल्या संचाच्या पंधराव्या हिश्श्याची. दुचाकीला परवडणारी बदली मोटारीत डोंगराएवढी का वाटते, ते या एका प्रमाणावरून कळते. मानकांची परीक्षा न दिलेला स्वस्त संच बाहेरच्या कारागिराकडून बसवणे मात्र जिवाशी खेळ आहे. त्याने वॉरंटी जाते आणि विम्याचा दावाही अडचणीत येतो.

पूर्ण संच बदलण्याची वेळ दरवेळी येत नाही. पुष्कळदा एखादे मॉड्यूल, संपर्क-स्विच किंवा बॅटरीवर लक्ष ठेवणारी बीएमएस यंत्रणा बिघडलेली असते आणि तेवढाच भाग बदलून भागते. संचाची रचना उघडता येण्याजोगी असेल तरच हे शक्य होते. चिकटवून बंद केलेल्या संचात एका सेलपायी सगळेच जाते. म्हणून जुनी गाडी घेताना किलोमीटरपेक्षा संचाची उरलेली क्षमता महत्त्वाची. अधिकृत केंद्रातून तिचा लेखी अहवाल मागावा. ७० ते ८० टक्क्यांवर आलेला संच मोटारीला अपुरा वाटला, तरी सौरवीज साठवायला अनेक वर्षे चालतो. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी वापरलेला संच परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे; त्या जुन्या संचाचे मोल नव्या संचाच्या बिलातून वजा करून मागणे हा ग्राहकाचा रास्त आग्रह ठरतो.