ज्योतीचे छायाचित्रण : प्रकाशमापनाचे गणित

तामलवाडी (ता. तुळजापूर) हे गाव सोलापूर-तुळजापूर मार्गावर वसले आहे. नवरात्राच्या तोंडावर तुळजापूरहून भवानी ज्योत घेऊन अनवाणी धावत आपापल्या गावी निघालेले तरुणांचे जथे या रस्त्याने रात्री-पहाटे जातात. हे दृश्य टिपण्याचा मोह अनेकांना होतो. मात्र हाती बहुधा पांढरा फटफटीत ठिपका आणि त्याभोवती काळोख एवढेच येते.

दोष कॅमेऱ्याचा नसतो. समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करड्या छटेचे आहे, असे त्यातील प्रकाशमापक गृहीत धरतो. चौकटीत अंधारच अधिक असल्याने तो जादा प्रकाश आत घेतो आणि ज्वाळेचा केशरी रंग व आकार दोन्ही नाहीसे होतात. डिजिटल कॅमेऱ्यात असा करपलेला भाग नंतर संगणकावरही परत मिळत नाही. तांबडा रंग सर्वांत आधी हद्द ओलांडत असल्याने तिन्ही रंगांचा स्वतंत्र आलेख पाहावा.

म्हणून स्वयंचलित पद्धत बंद करावी. आयएसओ ८००, अ‍ॅपर्चर एफ/२.८ ठेवल्यास ज्वाळेसाठी १/२५० सेकंद ही सुरुवात योग्य ठरते. ज्योतीच्या उजेडातील चेहऱ्याला मात्र १/३० सेकंदाच्या आसपास वेळ लागतो, म्हणजे आठपट प्रकाश. दोन्ही एकाच वेळी पूर्णपणे साधत नाहीत. काय महत्त्वाचे ते आधी ठरवावे लागते. चेहरा हवा असेल, तर धावत्या तरुणापेक्षा ज्योत एका हातातून दुसऱ्या हातात जाते तो क्षण गाठावा. तेव्हा पावले मंदावतात आणि ज्योत चेहऱ्याजवळ येते. अंतर निम्मे झाले की चेहऱ्यावरील उजेड चौपट होतो, हा नियम येथे उपयोगी पडतो.

फ्लॅश वापरू नये. त्याने ज्योतीचा उजेड पुसला जातो, शिवाय वाहत्या रस्त्यावर धावणाऱ्याचे डोळे दिपतात, हे अधिक वाईट. ज्वाळेचे वर्णतापमान सुमारे १९०० केल्विन असते. स्वयंचलित रंगसंतुलन हा तांबूसपणा कमी करू पाहते, त्यामुळे 'सूर्यप्रकाश' हा पर्याय निवडणे बरे.

ज्योतीवर तेल ओतताच ज्वाळा क्षणभर उसळते. त्या क्षणासाठी शटर आणखी एक टप्पा वेगवान ठेवावे.