आपली बोट, आपली गाडी

आजोबा लालबागच्या गिरणीत कामाला. मे महिन्यात मालवणला निघायचं तर आगबोटच. त्यांच्याकडून ऐकलेलं असं: बोट बंदराबाहेर खोल पाण्यात उभी, आपण पडावात. लाट वर आली की खलाशी दंडाला धरून शिडीवर खेचणार. लाट हुकली तर मधल्या फटीत जीव. ट्रंका मागाहून, दोरानं. पावसाळ्यात तर बोटीच बंद. त्यात साहेबाच्या कंपनीत डेकच्या उतारूला कोण विचारतो? म्हणून स्वातंत्र्य चळवळीच्या वाऱ्यात काही मंडळींनी सहकारी तत्त्वावर स्वतःचीच कंपनी काढली. कोकणात ती ‘माझी आगबोट कंपनी’ म्हणूनच ओळखली जाई. बोटींची नावं तुकाराम, रामदास, सेंट अँथनी. ठेवणाऱ्याला आपले उतारू पुरते ठाऊक होते! आजोबा धक्क्यावर लोकांशी वाद घालत, “बोट आपली आसा, मगे दुसऱ्याच्यात कित्याक चढतास?”

त्यातलीच ‘रामदास’ 17 जुलै 1947 ला, ऐन गटारीला, रेवसच्या वाटेवर काशाच्या खडकाजवळ बुडाली. सहाशेहून अधिक माणसं गेली. कोळ्यांनी होड्यांतली मासळी समुद्रात ओतून माणसं घेतली, हे आजी सांगू लागली की आजोबा उठून बाहेर जायचे.

पुढे धोशा कोकण रेल्वेचा. अ. ब. वालावलकर त्यासाठी झिजले. बॅरिस्टर नाथ पै 1957 पासून लोकसभेत होते, तिथे त्यांनी तो विषय लावून धरला. त्यांच्यामागे मधु दंडवते. 1990 मध्ये कोकण रेल्वेचं महामंडळ झालं तेव्हा जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री आणि दंडवते अर्थमंत्री. असा योग कुंडलीतही जुळत नाही! मला मात्र पैशाची बाजू अधिक मोलाची वाटते. रेल्वेनं 51 टक्के भाग उचलला, महाराष्ट्रानं 22, बाकीचा कर्नाटक, गोवा, केरळनं. वर मोठी रक्कम रोखे विकून उभी केली. वर्गणी काढून बोट घेणाऱ्यांच्या मुलखाला हे परकं नव्हतं. 26 जानेवारी 1998 ला मार्ग खुला झाला.

मागणं काही थांबलेलं नाही. सावंतवाडी टर्मिनसचं भूमिपूजन 2015 साली झालं, प्रवासी संघटनांची निवेदनं अजून चालूच. रत्नागिरी पॅसेंजर दिव्याऐवजी पुन्हा दादरहून सोडा, हीही त्यांचीच मागणी. आमच्या मामाच्या खिशात असल्या निवेदनाची घडी कायम असते. शेजारी कोण बसलंय हे न बघता तो सही मागतो. गणपतीला जाताना एका टीसीनंही केली.